पॅसेंजरने पाहायचं कोकण

कोकण रेल्वेतून समुद्र दिसत नाही. निदान महाराष्ट्रातल्या कोकणात तरी नाही. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंतचा सगळा मार्ग किनाऱ्यापासून बराच आत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या उंचसखल पट्ट्यातून जातो. पहिल्यांदा जाणारी मंडळी उजवीकडची खिडकी धरून बसतात आणि माणगाव, खेड, चिपळूण मागे पडलं तरी ‘अजून समुद्र कसा येईना?’ असं विचारत राहतात. समुद्र येत नाही. डोंगर येतो, मग बोगदा, मग पूल, पुलाखाली नदी, नदीकाठी भातखाचरं, आणि पुन्हा डोंगर. दिवसभर हेच. हे असं का, ते एकदा कळलं की मात्र खिडकी सोडवत नाही.

कोकणाचा नकाशा समोर ठेवला तर गोष्ट लगेच उलगडते. सह्याद्री उत्तर-दक्षिण उभा आहे आणि त्याच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचं अंतर बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अरुंद पट्टीत नद्यांना ऐसपैस हिंडायला जागाच नाही. त्या कड्यावरून उतरतात आणि पश्चिमेची वाट धरून खाडीला मिळतात. कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड, कर्ली... उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजत जावं. दोन नद्यांच्या मध्ये सह्याद्रीचा एकेक फाटा पश्चिमेकडे उतरत गेलेला. नांगरलेल्या शेतात आडव्या सरी असाव्यात तशी ही जमीन आहे, आणि मुंबईहून सावंतवाडीला जाणाऱ्याला यातली प्रत्येक सर ओलांडावी लागते.

म्हणूनच पूर्वी कोकणी माणूस मुंबईला जायचा तो पाण्यावरून. आधी गलबतं होती, मग आगबोटी आल्या. किनाऱ्यावरून जाताना डोंगर आडवे येत नाहीत. पण पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही वाट बंद. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण कोकणातल्या घरांतून पुढे कितीतरी वर्षं जिवंत होती. नंतर एसटी आली, मुंबई-गोवा रस्ता आला, कशेडीच्या घाटातली वळणं आणि रात्रभराचं जागरण आलं. रेल्वे मात्र येत नव्हती. अ. ब. वालावलकरांनी तिचा ध्यास घेतला, राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी ती मागणी दिल्लीत लावून धरली, त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवलं गेलं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा अख्खा मार्ग खुला झाला.

आता पुन्हा त्या सरींकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

खंडाळ्याच्या, म्हणजे बोर घाटात रेल्वे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढते. हा चढ रेल्वेच्या दृष्टीने फार मोठा. त्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वे आखताना ठरवलं गेलं की इथे चढ १५० मीटरला एक मीटर याहून जास्त असता कामा नये, आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नको. ताशी १६० किलोमीटर वेग पेलेल असा हा मार्ग हवा होता. हे दोन आकडे एकदा मान्य केले की पुढचं सगळं ओघाने येतं. डोंगराला वळसा घालायचा तर वळण घट्ट होतं, चढून जायचं तर चढ वाढतो. राहतं काय? डोंगर आला की पोखरायचा, दरी आली की पूल बांधायचा. म्हणून या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर ९१ बोगदे आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. बोगद्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटर भरते. नऊ किलोमीटर प्रवास केला तर त्यातला एक किलोमीटर जमिनीच्या पोटातला. महामार्ग जिथे कशेडी घाटाने वळणं घेत चढतो, तिथे रेल्वे थोडी बाजूला सरकून करंजाडी आणि दिवाणखवटीच्या दरम्यान नातूवाडीच्या चार किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात बाहेर पडते.

हे सगळं वंदे भारतमधूनही दिसतं, नाही असं नाही. मुंबई ते मडगाव पावणेआठ तासांत. पण काचेआडून, थंड हवेत, वेगात दिसतं. मी सांगतोय ती गाडी वेगळी आहे. सकाळी दिव्याहून सुटते, प्रत्येक लहान स्टेशनावर थांबत जाते आणि संध्याकाळी सावंतवाडीला पोहोचते. अकरा-बारा तास. कागदोपत्री तिला मध्येच एक्स्प्रेसचा दर्जा मिळाला, पण लोक अजून तिला पॅसेंजरच म्हणतात. सापे वामने, विन्हेरे, अंजनी, कामथे, कडवई, भोके, निवसर, आडवली, सौंदळ, झाराप: ही नावं मोठ्या गाड्यांच्या वेळापत्रकात शोधून सापडायची नाहीत. यातली बरीच गावं मला या गाडीमुळेच कळली.

ही गाडी थांबते फार. तिच्या थांबण्यामागचं कारण समजून घेतलं तर वैताग होत नाही. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे मार्ग एकेरी आहे. म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच रुळांवरून. सिग्नलची साधी अट अशी की दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असेल. समोरून दुसरी येत असेल तर आधी पोहोचलेल्या गाडीने स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूपमध्ये, उभं राहायचं. समोरची गाडी पूर्ण आत आली, तिच्यामागचा टप्पा मोकळा झाला, सांधे बदलले, सिग्नल पडला की हिने निघायचं. यालाच क्रॉसिंग म्हणतात. मागून वेगवान गाडी आली तर तिलाही पुढे सोडायचं. मानाने पॅसेंजर सगळ्यांत शेवटची, त्यामुळे बाजूला उभं राहणं बहुतेक वेळा तिच्याच वाट्याला येतं. दोन स्टेशनांमधला टप्पा जितका लांब तितकी ही वाट पाहणी जास्त. म्हणून अलीकडच्या वर्षांत इंदापूर, कळंबणी, कडवई, वेरवली, अचिर्णे अशा ठिकाणी नवी क्रॉसिंग स्टेशनं करून लांब टप्पे मधोमध तोडले.

एकदा मे महिन्यात आडवलीला गाडी अशीच उभी राहिली. दुपारची वेळ. इंजिन पुढे, फलाट अर्ध्या गाडीला पुरेल एवढाच. माझ्यासमोर कुडाळला निघालेल्या एक आजी बसल्या होत्या, पायाशी तांदळाची पिशवी. मी घड्याळ बघतोय हे पाहून म्हणाल्या, ‘‘झिला, दोन गाड्यो जातल्यो, मगे आपली सुटतली. तवसर खाली उतरान पाय मोकळे कर.’’ मी उतरलो. फलाटाच्या कडेला करवंदं विकायला एक मुलगी बसली होती. पानाचे द्रोण, काडीने टाचलेले, त्यात काळीभोर करवंदं, काहींना देठाशी अजून पांढरा चीक. तोंडात टाकलं की आधी गोड, मग आंबट, आणि ओठ एकमेकांना चिकटतात. फलाटामागे जांभ्या दगडाचा मोडका गडगा, गडग्यापलीकडे काजूची झाडं, काजूखाली वाळलेल्या पाल्याचा करकर आवाज करत काहीतरी पळत गेलं. मग रुळांतून एक बारीक गुणगुण सुरू झाली. लांब कुठेतरी गाडी पुलावर आली असणार. स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन बाहेर आले. पुढच्या मिनिटाला एक्स्प्रेस धाडधाड करत निघून गेली. तिच्या बंद काचांमागे कुणाची तरी झोपलेली डोकी दिसली. धूळ खाली बसली, पुन्हा शांतता. आजींसाठी मी एक द्रोण घेऊन आलो. त्यांनी सगळी खाल्ली आणि रिकामा द्रोण पिशवीत ठेवला. खिडकीबाहेर टाकला नाही.

ही गाडी ज्या कटिंगमधून जाते, त्या भिंतींकडे नीट पाहावं. रेल्वेने डोंगर कापला आणि आपल्यासाठी जमिनीचा छेदच उघडा करून ठेवला. रोहा, माणगावकडे हा खडक काळा. दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, थरावर थर. जसजसं दक्षिणेला जावं तसा तांबडा रंग वाढत जातो. हा जांभा. तोही मुळात तसलाच काळा दगड; पण लाखो वर्षं ऊन आणि धुवाधार पाऊस खाऊन त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, लोहाला गंज चढून तो लाल झाला. ताजा कापला तर कुऱ्हाडीने चिरता येईल इतका मऊ, उघड्यावर राहिला की टणक होतो. कोकणातली घरं, विहिरी, गडगे या चिऱ्यांचे. कणकवली-कुडाळच्या पुढे लाव्हाचा थर विरळ होत संपतो आणि त्याखालचे, त्याहून कितीतरी पुरातन खडक वर येतात. एका दिवसाच्या प्रवासात एवढ्या काळाचं दर्शन घडवणारा दुसरा रेल्वेमार्ग आपल्याकडे क्वचितच असेल.

याच जांभ्याने रेल्वेला सर्वांत जास्त छळलंही आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या चिकण, साबणासारख्या मातीवर जाऊन थांबतं. ती माती ओली झाली की वरचा डोंगर सरकतो. गोव्यात पेडण्याचा बोगदा, जेमतेम दीड किलोमीटरचा, अशाच मातीतून काढताना पुन्हा पुन्हा ढासळला आणि त्याच्यामुळे सगळा मार्ग सुरू व्हायला उशीर झाला. त्याउलट उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा २०१३ पर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. लांबी अवघड नसते, माती अवघड असते, असं हे काम केलेले लोक सांगतात. हा मार्ग उभारताना सत्तरहून अधिक माणसांनी जीव गमावला. त्यांचं श्रमशक्ती स्मारक रत्नागिरी स्टेशनात आहे. गाडी रत्नागिरीला बराच वेळ थांबते. खाली उतरून त्या स्मारकापुढे उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसाने कोसळलेल्या दगडमातीमुळे गाड्या घसरून मोठे अपघात झाले. तेव्हापासून कटिंगचे उतार कमी केले गेले, दगडांवर पोलादी जाळ्या आल्या, पाणी वरच्यावर वळवणारे चर खोदले गेले. काही उतारांवर वाळा लावला आहे. आपण पाण्याच्या माठात टाकतो तोच वाळा. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पावसाळ्यात गाड्यांना वेगळं वेळापत्रक असतं, आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं तर चालकाने ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा नियम आहे. वाशिष्ठी, सावित्री आणि माणगावजवळच्या काळ नदीवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे, उंच पुलांवर वारा मोजणारी. यंत्रं आहेतच, पण खरा भरवसा माणसांवर. पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं पाळीपाळीने रुळांवरून गस्त घालतात. रात्री गाडी जाताना बाहेर अंधारात, रेनकोटात, हातात दिवा धरलेला माणूस क्षणभर दिसतो आणि मागे जातो. आपण डब्यात कोरडे बसलेले असतो ते त्याच्या जिवावर.

चिपळूणला वाशिष्ठी दिसली की एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या सुकतात, डबक्यांपुरत्या उरतात. वाशिष्ठीला मात्र भर मे महिन्यातही पाणी असतं. हे पाणी तिचं नाही. कोयना नदी सह्याद्रीपलीकडची, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. तिचं धरणात अडवलेलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला खाली सोडून वीज तयार होते, आणि ते वापरून झालेलं पाणी वाशिष्ठीत येतं. पूर्वेला जायचं पाणी असं पश्चिमेला, अरबी समुद्राकडे वळलं आहे. नदीत मगरीही आहेत. आणि हीच नदी २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरात शिरली. त्या दिवशी रेल्वेही थांबली होती.

पुढे स्टेशनांच्या नावात ‘रोड’ दिसायला लागतं: आरवली रोड, संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड. रेल्वेची ही जुनी रीत. गाव स्टेशनापासून दूर असेल तर नावापुढे ‘रोड’ लागतो, म्हणजे इथून त्या गावाला रस्ता जातो. कोकणात हे इतकं का? जुनी शहरं वसली ती भरतीचं पाणी जिथपर्यंत आत येई तिथे, गलबतं लागत तिथे. राजापूर, खारेपाटण, संगमेश्वर ही सगळी पाण्याच्या वाटेवरची गावं. रेल्वेने आपला दीडशेला एकचा चढ सांभाळत वाट काढली, आणि ती वाट या गावांजवळून जाईलच असं नव्हतं. राजापूर रोडला उतरून कुणी ‘राजापूर कुठंय?’ म्हणालं तर त्याला रिक्षा किंवा एसटीच पाहावी लागते.

रत्नागिरी आणि निवसरच्या दरम्यान पानवल नदीवरचा पूल लागतो, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. बांधला गेला तेव्हा आशियातल्या सर्वांत उंच रेल्वे पुलांपैकी एक. खांब उभे करून, एका टोकाला पुलाचा भाग ओतून तो थोडा थोडा पुढे सरकवत नेला, कारण एवढ्या खोल दरीत खालून आधार उभारणं शक्य नव्हतं. पण या पुलावर गाडीतून फार काही दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच असतो. दारात मात्र उभं राहू नये. झाडांचे शेंडे एकाएकी खाली जातात, रुळांचा आवाज बदलून पोकळ होतो, एवढंच कळतं. मला तेवढं पुरतं.

कुठे उतरावं असं कुणी विचारलं तर मी उक्षी सांगतो. पावसाळ्यात स्टेशनाजवळच रानपाटचा धबधबा आहे. आणि गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्याच्या कातळात कोरलेला हत्ती आहे, माणसाहून कितीतरी मोठा. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्ग या भागांत अशी शेकडो कातळशिल्पं सापडली आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणी आणि कशासाठी कोरली याचा अभ्यास अजून सुरू आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गोव्यातलं एक धरून अशी नऊ ठिकाणं गेली, उक्षी त्यात आहे. गावकऱ्यांनी ते शिल्प जपलं आहे. तिथे चपला काढून बाजूने पाहावं, रेघांवर पाय देऊ नये.

वेगवान गाड्या हव्यातच. घरी आजारी माणूस असेल, नोकरीची सुटी दोन दिवसांची असेल, तर पावणेआठ तासांची किंमत कळते. पण वेगासाठी लहान स्टेशनांचे थांबे कापू नयेत. ही रेल्वे ज्यांच्या जमिनीवरून गेली, ते चाळीस हजारांहून अधिक खातेदार याच गावांतले. आंबा, काजू, घराची पडवी त्यांनी दिली. त्यांच्या स्टेशनात दिवसातून एक-दोन तरी गाड्या थांबल्या पाहिजेत.

जायचं असेल तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा. भात पोटरीला आलेलं असतं, सड्यांवर तेरडा असतो, ओढे अजून वाहत असतात. गणपती आणि शिमग्याचे दिवस टाळा. ती गाडी त्या दिवसांत चाकरमान्यांची आहे. पावसाळी वेळापत्रक चालू असेल तर गाडीच्या वेळा बदललेल्या असतात, आदल्या दिवशी पाहून घ्या. पाणी आणि डबा घरून न्या, कचरा परत आणा. खिडकी डावीकडची धरा. सह्याद्री त्या बाजूला आहे आणि सावंतवाडीपर्यंत दिसत राहतो.